हर्लिंगचा क्लब-हंगाम नेमका कधी संपतो, आणि दिवाळीचं तिकीट कधी काढायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. तुम्ही आयर्लंडमध्ये कॉर्कजवळ राहता. मुलगा 19 वर्षांचा, यंदा पहिल्यांदाच क्लबच्या हर्लिंग पॅनेलमध्ये, म्हणजे निवडलेल्या चमूत, आलाय (हर्लिंग म्हणजे लाकडी काठीने चेंडू मारायचा आयरिश मैदानी खेळ; क्लब प्रीमियर इंटरमिजिएट श्रेणीत खेळतो), बहुतेक वेळ बाकावर असतो. चॅम्पियनशिपचे गटातले तीनपैकी दोन सामने झाले आणि दोन्ही हरले, एक 4 पॉइंटनी, दुसरा 2 पॉइंटनी. तुम्हाला वाटलं, संपलं. धाकटीची ऑक्टोबरअखेरची मिड-टर्म सुट्टी धरून 22 ऑक्टोबरची पुण्याची चार तिकिटं बघून ठेवलीत. तर चिरंजीव म्हणतात, "थांब, अजून आम्ही बाद झालेलो नाही." मॅनेजरला गाठलंत तर तो म्हणाला, "बघू." शिवाय जानेवारीपासून चिखलात ट्रेनिंग करायचं आणि सामने फक्त तीन, हा काय प्रकार आहे, असंही तुम्ही विचारलंय.

मी कॉर्कमधल्याच एका क्लबबरोबर बरीच वर्षं आहे. आधी स्वतःच्या मुलांना सोडायला-आणायला जायचो. मग लहान मुलांच्या शनिवारच्या सरावाला हातभार लावू लागलो. आता मोठ्यांच्या सामन्यात मैदानाच्या कडेला जादा हर्ली, म्हणजे खेळायच्या काठ्या, घेऊन उभा असतो आणि आकडे टिपतो. निवड करणारा मी नाही, पण "आता काय झालं तर काय होईल" हा हिशोब सामना चालू असताना माझ्याकडेच मागतात.

मुलगा बरोबर बोलतोय. चौघांची तिकिटं एकत्र काढू नका. तिघांची काढा, त्याचं राहू द्या. असं का, ते सविस्तर सांगतो, नाहीतर पुढच्या ऑगस्टमध्ये तुम्ही पुन्हा इथेच याल.

कॉर्कमध्ये 2020 पासून वरच्या श्रेणींची रचना साधारण एकच आहे. 12 संघ, चार-चारचे तीन गट, गटातल्या तिघांशी एकेक सामना. जिंकलं की 2 गुण, बरोबरीला 1. (गोंधळ नको म्हणून मी तक्त्यातल्याला गुण म्हणतो आणि मैदानावरच्याला पॉइंट. चेंडू आडव्या दांडीवरून गेला तर 1 पॉइंट, जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे 3 पॉइंट.) प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे जातात. त्या सहांपैकी सरस दोन गटविजेते थेट उपांत्य फेरीत, उरलेले चौघे उपांत्यपूर्व फेरीत. सगळ्यात वरच्या प्रीमियर सिनियर श्रेणीत विभागीय (अनेक क्लबांमधून निवडलेल्या) संघांची आणखी एक वाट येऊन मिळते, पण तुमचा तिच्याशी संबंध नाही.

बहुतेक पालक इथपर्यंत समजून घेतात आणि थांबतात. तक्त्याच्या तळाकडे कोणी बघत नाही. तीन गटांत मिळून तीन संघ शेवटचे येतात. त्यांच्यातल्या सर्वांत वाईट नोंद असलेल्या दोघांना आपसांत एक सामना खेळावा लागतो आणि जो हरतो तो पुढच्या वर्षी खालच्या श्रेणीत जातो. म्हणजे गंमत बघा: पहिल्या दोघांचा हंगाम पुढे चालतो, शेवटच्याचाही चालू शकतो. सप्टेंबरच्या मध्यात पक्कं घरी कोण बसतं, तर तिसरा. "हरतायत म्हणजे लवकर मोकळे होतील" हे गणित इथे चालत नाही. उलट तळातला तो सामना ज्याने खेळलाय त्याला विचारा. अंतिम सामना हरला तर पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करता येतो. खाली गेलेल्या क्लबला परत वर यायला कधीकधी एक अख्खी पिढी लागते. अशा सामन्याच्या आठवड्यात आमच्या गावात दुकानातसुद्धा कुणी मोठ्याने बोलत नाही.

आता तुमच्या गटाकडे येऊ. बाकीचे निकाल लिहिलेत हे फार बरं केलंत. संघांना अ, ब, क म्हणू या. तुम्ही अ कडून 4 पॉइंटनी हरलात, ब कडून 2 पॉइंटनी. क ने ब ला 3 पॉइंटनी हरवलं आणि अ ने क ला 5 पॉइंटनी. म्हणजे आज अ चे 4 गुण, ब आणि क चे प्रत्येकी 2, तुमचे 0. पॉइंटचा फरक मांडला तर ब उणे 1, क उणे 2, तुम्ही उणे 6. शेवटच्या फेरीत तुमची गाठ क शी आणि अ ची ब शी.

पहिली अट तुमच्या हातात नाही: अ ने ब ला हरवायला हवं. बरोबरी जरी झाली तरी ब चे 3 गुण होतात आणि तुमचा दुसरा नंबर गेला. पण अ ढिला पडेल असं मला वाटत नाही. त्यांना थेट उपांत्य फेरी हवी असणार, आणि ती मोठ्या फरकाने जिंकूनच मिळते.

दुसरी अट तुमची: क ला हरवायचं. मग अ चे 6 आणि ब, क, तुम्ही तिघांचे 2-2 गुण. तीन संघ बरोबरीत आले की पॉइंटचा फरक बघतात. तुम्ही क ला 3 पॉइंटनी हरवलंत आणि अ नेही ब ला 3 पॉइंटनी हरवलं असं धरा. तुम्ही उणे 3, ब उणे 4, क उणे 5. दोन सामने हरून तुम्ही दुसरे आणि उपांत्यपूर्व फेरीत! आता तोच विजय फक्त 1 पॉइंटचा धरा. तुम्ही उणे 5, क उणे 3. अ ने ब ला 10 पॉइंटनी धुतलं असेल तर ब उणे 11, म्हणून तुम्ही तिसरे आणि हंगाम संपला. पण अ सुद्धा 1 पॉइंटनेच जिंकला असेल तर ब उणे 2, क उणे 3, तुम्ही उणे 5. म्हणजे सामना जिंकून तळाला, आणि खाली जाण्याच्या सामन्याची टांगती तलवार.

एकाच विजयातून तीन वेगवेगळे ऑक्टोबर निघतात. मॅनेजर "बघू" म्हणाला ते टाळायला म्हणून नव्हे. त्याच्याकडे याहून खरं उत्तर नव्हतं. तुमच्यासाठी आकडा एवढाच: किमान 3 पॉइंटनी जिंकायचं, आणि तुमचा व अ चा विजयी फरक मिळून किमान 6 व्हायला हवा.

यात एक खाच आहे, ती भल्याभल्यांना माहीत नसते. पॉइंटचा फरक बघतात तो तिघे किंवा जास्त संघ बरोबरीत असतील तेव्हा. दोघेच समान गुणांवर असतील तर आधी त्या दोघांच्या आपसातल्या सामन्याचा निकाल बघतात. तिथे तुमचा फरक कितीही चांगला असला तरी, समोरच्याने तुम्हाला ऑगस्टमध्ये हरवलं असेल तर तो वर. क्रिकेटच्या नेट रन रेटची सवय असलेल्या आपल्या लोकांची इथेच फसगत होते.

पहिल्या सामन्यात हार ठरलेली असतानाही शेवटची दहा मिनिटं मॅनेजर एवढा का ओरडत होता, असं तुम्ही लिहिलंय. त्याचंही उत्तर हेच. तुमचा संघ तेव्हा 7 पॉइंटनी मागे होता, शेवटी एक गोल झाला आणि फरक 4 वर आला. तो गोल झाला नसता तर आज उणे 9 असता आणि 3 पॉइंटच्या विजयाने काहीच भागलं नसतं. मी माझ्या तक्त्यात शेवटची दहा मिनिटं मुद्दाम वेगळी टिपतो. गटात पुढे जाणारे आणि न जाणारे संघ यांच्यातला फरक जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेल्या सामन्यांच्या शेवटात जास्त दिसतो, निदान माझा अनुभव तरी तसा आहे. दमलेल्या संघाचा गोलरक्षक पक-आउट (गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करायचा फटका) लांब मारून मोकळा होतो, चेंडू समोरच्याकडे जातो आणि 3 पॉइंटची हार बघताबघता 8 पॉइंटची होते. नीट चालवलेला संघ तेव्हासुद्धा जवळच्या मोकळ्या खेळाडूला देतो. बाहेरून हे कंटाळवाणं दिसतं, पण हिशोब सप्टेंबरमध्ये वसूल होतो.

आता तारखा. तिसरी फेरी सप्टेंबरच्या मध्याच्या आसपास, उपांत्यपूर्व आणि तळाचे सामने महिनाअखेरीकडे किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, उपांत्य त्यानंतर, आणि काउंटीचा, म्हणजे कॉर्क काउंटीतल्या क्लबांच्या स्पर्धेचा, अंतिम सामना ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास. तुमचा क्लब फुटबॉलही खेळतो, त्यामुळे एक शनिवार-रविवार हर्लिंगचा आणि पुढचा फुटबॉलचा असं आलटून-पालटून चालतं. दोन्हीकडे तीच पोरं. टिपेररी काउंटीतल्या लॉकमोर-कॅसलायनी या छोट्या क्लबने 2013 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये काउंटीचं सिनियर हर्लिंग आणि सिनियर फुटबॉल दोन्ही जिंकलं. 2021 मध्ये तर त्यांचा हर्लिंगचा अंतिम सामना बरोबरीत सुटून पुन्हा खेळवावा लागला. आठवड्यामागून आठवडे तेच खेळाडू मैदानात. अशा घरात ऑक्टोबरचं तिकीट कोण काढणार?

आणि काउंटी जिंकली म्हणजे संपलं असंही नाही. तुमच्या श्रेणीतला कॉर्कचा विजेता नोव्हेंबरमध्ये मन्स्टर प्रांताच्या इंटरमिजिएट क्लब स्पर्धेत जातो. तिथे जिंकला तर अखिल आयर्लंडच्या उपांत्य फेरीत, आणि तिथूनही पुढे गेला तर जानेवारीत डब्लिनच्या क्रोक पार्कवर अंतिम सामना. ही दूरची गोष्ट वाटत असेल तर वॉटरग्रासहिल बघा, तुमच्यापासून गाडीने फार लांब नाही. 2024 मध्ये त्यांनी कॉर्कची प्रीमियर इंटरमिजिएट जिंकली, मग मन्स्टर जिंकलं आणि जानेवारी 2025 मध्ये क्रोक पार्कवर अखिल आयर्लंडसुद्धा. त्यांच्यापैकी कुणाच्या आईने ऑगस्टमध्ये नाताळचं परदेशी तिकीट काढलं असेल तर तिचं काय झालं असेल, कल्पना करा.

त्याच वर्षीची याहून मजेशीर गोष्ट वरच्या श्रेणीतली आहे. प्रीमियर सिनियरचा अंतिम सामना सार्सफील्ड्स हरले, इमोकिलीकडून. पण इमोकिली हा एक क्लब नाही. पूर्व कॉर्कमधल्या अनेक क्लबांमधून निवडलेला तो विभागीय संघ आहे, आणि असा संघ मन्स्टरच्या क्लब स्पर्धेत खेळू शकत नाही. म्हणून हरलेले सार्सफील्ड्स कॉर्कचे प्रतिनिधी म्हणून गेले आणि डिसेंबरात थर्ल्सला त्यांनी वॉटरफर्डच्या बलाढ्य बॅलीगनरला 3-20 विरुद्ध 2-19 असं हरवून मन्स्टर जिंकलं. (3-20 म्हणजे 3 गोल आणि 20 पॉइंट, एकूण 29.) 19 जानेवारी 2025 ला ते क्रोक पार्कवर होते. तिथे डब्लिनच्या ना फिअनाने त्यांना थांबवलं. काउंटी हरलेल्या संघाचा हंगाम जानेवारीपर्यंत चालला! तेव्हा "हरलो" आणि "संपलं" या इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इतकी आशा दाखवली, तर थंड पाणीही ओततो. ऑगस्टचं हर्लिंग आणि ऑक्टोबरचं हर्लिंग वेगळं असतं. ऑगस्टमध्ये मैदान कोरडं, चेंडू हलका. स्वतःच्या 65 मीटर रेषेच्या मागून मारलेले पॉइंटही जातात. ऑक्टोबरात मैदान जड होतं, स्लिटर (हर्लिंगचा चेंडू) पाणी पितो, तोच फटका गोलरक्षकाच्या हातात पडतो. लांबून पॉइंट मारून जगणारे संघ तेव्हा गडबडतात आणि चेंडूवर झुंबड करून तो काढून देणारी दणकट पोरं लागतात. तुमच्या मुलाबद्दल तुम्ही "वेगवान आहे पण अंगाने किरकोळ" असं लिहिलंय. अशा मुलाला संधी मिळायची तर बहुधा आत्ता, सप्टेंबरच्या कोरड्या मैदानावर, दमलेल्या बचावपटूंसमोर शेवटच्या पंधरा मिनिटांत मिळते. सामन्यात पाच बदली खेळाडू चालतात, आणि तिसऱ्या सामन्यात फरक वाढवायचा असेल तर ताजे पाय लागतीलच. तोवर हर्ली मात्र दोन ठेवायला सांगा, एकीच्या भरवशावर जाऊ नये. ॲशच्या झाडांना रोग लागल्यापासून चांगलं लाकूड मिळायची मारामार आहे, त्यामुळे मोडली की लगेच मनासारखी मिळत नाही.

जानेवारीपासून ट्रेनिंग आणि तीनच सामने, या तक्रारीत तथ्य आहे. तरी आधी याहून वाईट होतं. काउंटीचे संघ (काउंटीभरच्या क्लबांतून निवडलेले) उन्हाळाभर खेळायचे आणि काउंटीचा संघ हरेपर्यंत क्लबची चॅम्पियनशिप अडकून पडायची. एप्रिलमध्ये एक सामना, पुढचा थेट ऑगस्टमध्ये, मधे लग्न ठरवायची सोय नाही. याच रागातून 2017 मध्ये क्लब खेळाडूंची संघटना उभी राहिली. 2020 मध्ये कोविडमुळे नाइलाजाने क्लबचे सामने उन्हाळ्यात आधी आणि काउंटीचे हिवाळ्यात खेळवले, आणि लोकांना ते आवडलं. 2022 पासून हंगामाचे रीतसर दोन तुकडे झाले: जुलैपर्यंत काउंटी, नंतर क्लब. त्या वर्षी अखिल आयर्लंडचा हर्लिंगचा अंतिम सामना 17 जुलैला झाला. पूर्वी तो सप्टेंबरात असायचा. त्यामुळे आता मुलाला निदान पहिल्या तीन फेऱ्यांच्या तारखा आधी कळतात. मार्च ते जुलै लीग असते, पण काउंटीला निवडलेले खेळाडू तिच्यात नसतात, म्हणून लोक तिला फारसं मोजत नाहीत. मुलगा लीगमध्ये नियमित खेळला आणि ऑगस्टमध्ये बाकावर गेला, याचं कारणही तेच असावं. वरचा खेळाडू परत आला.

हे सगळं कॉर्कपुरतं. तुमची बहीण किल्केनीत आहे म्हणालात. तिथे लीगच्या क्रमवारीवर चॅम्पियनशिपमधली जागा ठरते आणि चॅम्पियनशिप सरळ बाद पद्धतीची, त्यामुळे तिच्या मुलाच्या बाबतीत लीग मनावर घ्यावीच लागेल आणि एका रविवारी सगळं संपू शकतं. टिपेररीत सिनियरला 16 संघ, चार गट. दुसऱ्या काउंटीच्या ओळखीच्यांचा सल्ला तुमच्या क्लबला लावू नका.

तुमच्याकडेही तीन गोष्टी वेळापत्रक हलवू शकतात. एक, गावात किंवा क्लबमध्ये कुणी गेलं तर सामना पुढे ढकलतात, आणि त्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही. दोन, वादळाचा इशारा. तीन, क्लबचा दुसरा संघ. पहिल्या संघात बाकावर असलेली पोरं बरेचदा ज्युनियर (वयाने नव्हे, श्रेणीने खालच्या) चॅम्पियनशिपमध्ये दुसऱ्या संघातून खेळतात आणि तिचं वेळापत्रक निराळं असतं. मोठ्यांच्या मैदानात एकदा उतरल्यावर खालच्या संघातून खेळता येतं की नाही याचे नियम किचकट आहेत, ते क्लबच्या सेक्रेटरीलाच विचारा. तुमच्या मुलाच्या बाबतीत ही तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पहिला संघ बाद झाला तरी तो मोकळा असेलच असं नाही.

तर तिकीट. 22 ऑक्टोबरच्या आड येऊ शकतो तो काउंटीचा अंतिम सामना, किंवा तो बरोबरीत सुटला तर पुन्हा होणारा सामना. तळाचा सामना तोवर उरकलेला असेल. अंतिम फेरीसाठी त्यांना आता सलग तीन सामने जिंकावे लागतील. खरं सांगायचं तर शक्यता कमी आहे. म्हणून तुम्ही तिघं निर्धास्त तिकिटं काढा, मिड-टर्मचे दर सप्टेंबरात वाढतातच. मुलाचं तिकीट तिसऱ्या फेरीच्या रात्री ठरवा. पुढे गेले नाहीत आणि दुसऱ्या संघाचंही संपलं असेल तर त्याच विमानाचं बघा. पुढे गेले तर तारीख बदलता येईल असं तिकीट, चार पैसे जास्त पडले तरी. काउंटी जिंकली तर लक्ष्मीपूजनाला तो तिथे नसेल हे आजीला आत्ताच सांगून ठेवा.

तो आत्ताच तुमच्याबरोबर निघाला तर कुणी अडवणार नाही, इथे करार नाही की पगार नाही. पण तो 19 वर्षांचा आहे आणि पॅनेलमधलं पहिलं वर्ष आहे. निर्णय त्याच्यावर सोडा, आणि काय ठरवलं ते मॅनेजरला त्यानेच जाऊन सांगू दे, तुम्ही फोन करू नका. तिसऱ्या फेरीला जाल तेव्हा दुसऱ्या मैदानावरचा स्कोअर फोनवर लावून बसा. गटातले शेवटचे दोन सामने सहसा एकाच वेळी सुरू करतात आणि तुम्हाला दोन्ही आकडे लागणार आहेत.